फ्रिक्शन वेल्डिंगचं सेटिंग: २५ मिमी ईएन ८ बारपासून सुरुवात

फ्रिक्शन वेल्डिंग म्हणजे एक तुकडा फिरवत दुसऱ्यावर घासायचा आणि तापलेली टोकं दाबून जोडायची. या मशीनवर नव्याने आलेल्या माणसाला पॅनेलवर पाच-सहा आकडे दिसतात: आरपीएम (मिनिटाला फेरे), घर्षण दाब, घर्षणाचा वेळ, ब्रेक, फोर्ज दाब (फिरणं थांबताना टोकं एकमेकांत बसवणारा मोठा दाब), फोर्जचा वेळ. जुन्या कागदावरून ते भरले की जॉब निघतो. अडचण येते ती व्यास किंवा मटेरियल बदललं की, नाहीतर बेंड टेस्टला (वाकवून बघण्याच्या चाचणीला) जॉब मधूनच सुटला की. मग कोणता आकडा हलवायचा ते कळत नाही, म्हणून सगळेच थोडे थोडे हलवले जातात आणि शेवटी चांगलं सेटिंगही हातचं जातं.

इथे एकच उदाहरण धरून पुढे जाऊ: २५ मिमी व्यासाचा ईएन ८ (मध्यम कार्बनचं स्टील) बार तशाच बारला टोकाला टोक लावून जोडायचा आहे. मशीन सतत-ड्राइव्ह प्रकारचं, म्हणजे मोटर स्पिंडलला ठरलेल्या आरपीएमवर फिरवत ठेवते आणि शेवटी ब्रेक लावते. भोसरी-चाकणपासून सातारा-कोल्हापूरपर्यंतच्या शॉपमध्ये पिस्टन रॉड, शाफ्ट, व्हॉल्व्ह यांची कामं ज्यांच्याकडे येतात, त्यांच्या रोजच्या कामाला हे उदाहरण जवळचं आहे.

सांध्यात काय चाललेलं असतं

टोकं टेकतात तेव्हा पहिला भाग कोरड्या घासण्याचा. उंचवटे एकमेकांत अडकतात, तुटतात, टॉर्क (फिरवायला लागणारा पिळाचा जोर) एकदम चढतो आणि मोटरच्या अँपिअरचा काटा उडी मारतो. मग धातू तापून मऊ पडतो, टॉर्क उतरतो आणि एका पातळीवर स्थिरावतो. इथून पुढे खरं तर घासणं संपलेलं असतं. मऊ धातूचा पातळ थर कातरला जात असतो आणि दाबामुळे बाहेर ढकलला जात असतो. बाहेर पडलेली ती कॉलर म्हणजे फ्लॅश, आणि त्यापायी बार जेवढा आखूड होतो तो बर्न-ऑफ.

स्टीलमध्ये सांध्याचं तापमान साधारण १२५० ते १३०० अंश सेल्सिअसपर्यंत जातं, म्हणजे वितळबिंदूच्या खालीच राहतं. नव्या माणसाला वाटतं की दाब वाढवला की सांधा जास्त तापेल. तसं होत नाही. दाब वाढवला की तापलेला थर जास्त वेगाने बाहेर पडतो आणि मागचा कमी तापलेला धातू त्याची जागा घेतो. म्हणजे सांध्याचं तापमान आपोआप एका पट्ट्यात धरलं जातं. तुमच्या हातात असतो तो मऊ थर किती जाडीचा ठेवायचा, किती वेगाने बाहेर काढायचा आणि फोर्ज बसताना त्यातला किती शिल्लक ठेवायचा, एवढाच हिशोब.

पायरी १: टोकं आणि पकड

बँडसॉने कापलेलं टोक स्टील-स्टील जोडणीला चालतं. फेसिंग केलेलं असेल तर उत्तम, पण आरशासारखं करण्यात काही अर्थ नाही. महत्त्वाच्या गोष्टी वेगळ्या आहेत. टोक अक्षाला काटकोनात हवं. तिरकं असेल तर सुरुवातीला एकाच कडेला घासतं आणि बराचसा बर्न-ऑफ नुसतं टोक सपाट करण्यात जातो. सेंटर ड्रिलचं भोक नको, कारण त्यात हवा आणि ऑक्साइड अडकतात आणि सांध्याच्या मध्यातच दोष राहतो. पार्टिंग टूलने सोडलेलं मधलं बोंडही काढून टाका. गंज, रोलिंगची पपडी, कटिंग ऑइल पुसून घ्या. स्टीलमध्ये बर्न-ऑफ थोडी घाण बाहेर फेकतो, पण म्हणून तेलकट टोकं लावू नयेत. तेलामुळे पहिली दोन सेकंदं टोकं नुसती घसरतात आणि प्रत्येक जॉबचा वेळ वेगळा येतो.

बार कोलेटच्या (बार पकडणाऱ्या जबड्याच्या) बाहेर किती ठेवायचा? २५ मिमीला २५ ते ३० मिमी पुरे. जास्त ठेवला तर टोक थरथरतं, सांधा अक्षातून सरकतो. फार कमी ठेवला तर फ्लॅश जबड्याला जाऊन चिकटतो. स्लाइडकडच्या (पुढे सरकणाऱ्या, न फिरणाऱ्या बाजूच्या) बारच्या मागे स्टॉपर घट्ट लावा. फोर्जच्या वेळी बार क्लॅम्पमधून मागे सरकला तर मशीनला तो बर्न-ऑफच वाटतो आणि सांध्यावर दाब आलेलाच नसतो. लांब बार नेहमी न फिरणाऱ्या बाजूला ठेवावा. फिरणाऱ्या बाजूला मीटरभर बार मोकळा सोडणं सरळ धोक्याचं आहे, तो चाबकासारखा वाकतो.

पायरी २: आरपीएम

आरपीएम कधी पाठ करू नका, बाहेरच्या कडेचा वेग काढा. स्टीलसाठी तो मिनिटाला ७५ मीटरच्या खाली नसावा. ९० ते २०० मीटर या पट्ट्यात बहुतेक उत्पादन चालतं. हिशोब सोपा: व्यास मीटरमध्ये, गुणिले ३.१४, गुणिले आरपीएम. २५ मिमीला १५०० आरपीएमवर सुमारे ११८ मीटर प्रति मिनिट येतात. सुरुवातीला हेच घ्या. ८ मिमीच्या व्हॉल्व्ह स्टेमला १०० मीटरसाठी जवळजवळ ४००० आरपीएम लागतात, तर ६० मिमीच्या रॉडला ५३० पुरतात. छोट्या जॉबचं सेटिंग मोठ्यावर तसंच टाकलं की का फसतं, ते यावरून लक्षात येईल.

वेग फार कमी असेल तर टॉर्क खूप चढतो, कोलेट घसरतो, धातू कातरला जाण्याऐवजी फाटतो आणि फ्लॅश एका बाजूला जास्त येतो. वेग वाढवला की टॉर्क उतरतो, मशीन शांत चालतं. म्हणून ऑपरेटरना जास्त वेग आवडतो. पण त्याच दाबावर बर्न-ऑफ हळू होतो, उष्णतेला बारमध्ये मागे पसरायला वेळ मिळतो, उष्णताबाधित पट्टा (उष्णतेने रचना बदललेला सांध्याजवळचा भाग) रुंद होतो आणि धातूचे दाणे वाढतात. आरपीएम दुप्पट केल्याने उष्णता दुप्पट होत नाही हेही ध्यानात ठेवा. उष्णता म्हणजे टॉर्क गुणिले वेग, आणि वेग वाढला की टॉर्क घटतो.

पायरी ३: दाब, आणि गेजवरचा आकडा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा थांबून पाहू. पुस्तकात लिहिलेला दाब सांध्याच्या क्षेत्रफळावरचा असतो. मशीनवरचं गेज हायड्रॉलिक सिलिंडरमधल्या तेलाचा दाब दाखवतं. दोन्ही आकडे एकच समजून कितीतरी जॉब भंगारात गेले असतील.

कमी कार्बनच्या स्टीलला घर्षण दाब साधारण ३० ते ६० मेगापास्कल आणि फोर्ज दाब ७५ ते १५० मेगापास्कल असतो. ईएन ८मध्ये कार्बन ०.४ टक्क्याच्या आसपास, तापल्यावरही तो थोडा जास्त ताठ राहतो, त्यामुळे आपण पट्ट्याच्या वरच्या बाजूला राहू: घर्षण ५०, फोर्ज १२०.

२५ मिमी बारचं क्षेत्रफळ ४९१ चौरस मिमी. घर्षणाला ५० गुणिले ४९१, म्हणजे सुमारे २४.५ किलोन्यूटन, ढोबळ अडीच टन. फोर्जला सुमारे ५९ किलोन्यूटन, सहा टन. आता समजा स्लाइड ढकलणारा सिलिंडर १२५ मिमी बोअरचा आहे. त्याचं क्षेत्रफळ १२,२७२ चौरस मिमी. भागाकार केला की गेजवर घर्षणाला २० बार (इथे बार म्हणजे दाबाचं एकक) आणि फोर्जला ४८ बार यायला हवेत. सिलिंडर ओढण्याच्या दिशेने काम करत असेल तर त्याच्या पिस्टन रॉडचं क्षेत्रफळ वजा करा. आणि लहान दाबांवर स्लाइडचं व सीलचं घर्षणच बराच हिस्सा खातं. शक्य असेल तेव्हा दोन कोलेटच्या मध्ये लोड सेल (जोर मोजणारं उपकरण) धरून एकदा खरा जोर मोजून घ्यावा. सकाळी थंड तेलावर आणि दुपारी तापलेल्या तेलावर व्हॉल्व्हचा प्रतिसाद सारखा नसतो, त्यामुळे सेटिंग करण्याआधी पंप थोडा वेळ चालू ठेवा.

मोठ्या व्यासाचं काम घेण्याआधी हाच हिशोब करून बघा. ६० मिमी बारला १२० मेगापास्कलने फोर्ज करायला जवळजवळ ३४० किलोन्यूटन, म्हणजे ३५ टनांच्या घरातलं मशीन लागतं.

टोकं टेकताच पूर्ण घर्षण दाब देऊ नका. सुरुवातीची एक-दीड सेकंद १५ मेगापास्कलवर (वरच्या सिलिंडरला ६ बार) घासू द्या. टोकांचे उंचवटे निघून जातात, टॉर्कचा पहिला धक्का सौम्य होतो. हे न केल्याने मोटर ट्रिप होते किंवा कोलेटमध्ये बार फिरून त्यावर ओरखडे पडतात.

घर्षण दाब वाढवला की बर्न-ऑफ वेगाने होतो, वेळ कमी लागतो, उष्णताबाधित पट्टा अरुंद राहतो. हे सगळं चांगलंच. पण मर्यादा आहे: बारच्या मध्याचा वेग शून्य असतो, तिथे उष्णता बाहेरून आत यावी लागते. फार जोराने आणि फार कमी वेळ घासलं तर कडेला भरपूर फ्लॅश आणि मध्यभागी थंड गाभा अशी स्थिती होते. फ्लॅश बघून जॉब झकास वाटतो, आतून मात्र नाण्याएवढी जागा न जुळलेली असते.

पायरी ४: वेळ नको, बर्न-ऑफ धरा

घर्षणाचा टप्पा दोन प्रकारे थांबवता येतो: ठरलेल्या सेकंदांनी किंवा ठरलेल्या मिलिमीटरनी. मशीनवर स्लाइडचं सरकणं मोजायची सोय असेल तर मिलिमीटर निवडा, दुसरा विचारही नको. एखाद्या जॉबचं टोक तिरकं असलं, किंचित तेलकट असलं, तर ठरलेल्या सेकंदांवर चालणारं मशीन तो जॉब कमी तापलेला असतानाच फोर्ज करतं. बर्न-ऑफवर चालणारं मशीन तितका जास्त वेळ घासत राहतं.

२५ मिमीला घर्षणातला बर्न-ऑफ ४ मिमी ठेवून सुरुवात करा. तो साधारण ५ ते ८ सेकंदांत व्हायला हवा. वेळ नियंत्रणासाठी वापरायचा नसला तरी नोंदवायचा मात्र नक्की, कारण तोच तुमचा पहारेकरी. ४ मिमीला कालपर्यंत ६ सेकंद लागत होते आणि आज १० लागतात, तर दाब पडलाय, कोलेट घसरतोय किंवा मटेरियलची लॉट बदललीय. तिन्हीपैकी काय ते शोधेपर्यंत पुढचा जॉब लावू नये.

बर्न-ऑफ कमी पडला तर ऑक्साइड पूर्ण बाहेर येत नाहीत. जास्त दिला तर एका मर्यादेनंतर सांध्यात काहीच सुधारत नाही. नुसता बार वाया जातो, पट्टा रुंद होतो. 'असू दे, थोडं जास्त तापू दे' ही सवय फ्रिक्शन वेल्डिंगमध्ये फारशी कामाची नाही.

फोर्जमध्ये आणखी ३ मिमीच्या आसपास जातात. म्हणजे एकूण घट ७ मिमी धरून बार कापा, दोन्हीकडून साधारण निम्मी-निम्मी. बर्न-ऑफ नियंत्रणावर तयार लांबी ±०.५ मिमीत ठेवणं जमायला हवं.

पायरी ५: ब्रेक आणि फोर्ज

स्पिंडल ०.३ सेकंदाच्या आत थांबायला हवा. ब्रेकचे लायनर झिजले की हा वेळ हळूहळू वाढतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. थांबताना वेग उतरत असतो, टॉर्क पुन्हा चढतो, आणि अर्धवट जुळलेला सांधा पिरगळला जातो.

फोर्ज कधी लावायचा यावर मतं दोन आहेत. स्पिंडल पूर्ण थांबायच्या किंचित आधी लावला तर त्या पिळात दाणे बारीक होतात, पण मशीनवर आणि कोलेटवर ताण जास्त येतो. थांबल्यावर लावला तर काम सोपं, मात्र मधली दिरंगाई नको. अर्ध्या सेकंदातही सांधा बराच निवतो आणि मग फोर्ज ताठ झालेल्या धातूवर बसतो. नवख्यांनी 'थांबताक्षणी' ही सेटिंग धरावी आणि मशीनच्या ग्राफवर वेग शून्य होणं व दाब चढणं यांत किती अंतर आहे ते पाहून घ्यावं. फोर्जचा वेळ ४ सेकंद. धातू लाल असताना दाब सोडला तर आकुंचनाने सांध्यावर ताण येतो.

पायरी ६: ट्रायल

मूळ सेटिंगचा गोषवारा: १५०० आरपीएम, सुरुवात १५ मेगापास्कल दीड सेकंद, घर्षण ५० मेगापास्कल ४ मिमीपर्यंत, ब्रेक ०.३ सेकंदाच्या आत, फोर्ज १२० मेगापास्कल ४ सेकंद. यावर तीन जॉब काढा. मग फक्त घर्षण दाब ४० आणि ६० करून तीन-तीन जॉब. तो ठरला की फोर्ज १०० आणि १४०. त्यानंतरच बर्न-ऑफ ३ आणि ५ मिमी. आरपीएम शेवटी, आणि शक्यतो हलवूच नये. एका वेळी एकच आकडा. प्रत्येक जॉबवर ऑइल पेंटने नंबर टाका. फ्लॅश सगळ्यांचा सारखाच दिसतो आणि तासाभराने कोणता कुठला ते सांगता येत नाही.

पायरी ७: जॉब वाचणं

आधी फ्लॅश. चांगल्या सांध्याला दोन्ही बाजूंना गोल वळलेल्या, सारख्या जाडीच्या दोन कॉलर येतात आणि त्यांच्यामधली खाच बारच्या मूळ पृष्ठभागाच्या वर राहते. ही खाच बारच्या आत उतरलेली दिसली की फोर्ज किंवा बर्न-ऑफ कमी पडलाय. फ्लॅश टर्न करून काढल्यावर तिथे बारीक रेषा उरेल आणि थकव्याचा तडा तिथूनच सुरू होईल. कॉलर पातळ, धारदार आणि कडेला फाटलेली असेल तर दाब उष्णतेच्या मानाने जास्त आहे. कॉलर जाड, गुबगुबीत, जवळजवळ न वळलेली असेल तर सांधा फार वेळ तापलाय किंवा घर्षण दाब कमी आहे. थंड फ्लॅशच्या कडा ब्लेडसारख्या असतात, हातमोज्याशिवाय बोट फिरवू नका. मशीनवरच गरम असताना टूलने फ्लॅश काढायची सोय असेल तर ती वापरा. थंड झालेल्या ईएन ८ फ्लॅशने टूलच्या टिपा पटापट जातात.

त्यानंतर एक जॉब अक्षावरून उभा कापा, पॉलिश करा आणि नायटलने (नायट्रिक ॲसिड आणि अल्कोहोलचं द्रावण) एच करा, म्हणजे आतली रचना उठून दिसेल. उष्णताबाधित पट्टा डमरूसारखा दिसतो: मध्यात अरुंद, कडेकडे रुंद. मध्यात तो जवळजवळ नाहीसा होत असेल तर गाभा थंड राहिला आहे. घर्षण दाब थोडा उतरवा किंवा बर्न-ऑफ वाढवा. याच तुकड्यावर सांध्याच्या आरपार दर अर्ध्या मिमीवर हार्डनेस घ्या. ईएन ८ हवेत निवतानाही सांध्याजवळ कडक होऊ शकतो, कारण दोन्हीकडचा थंड बार उष्णता झपाट्याने ओढून घेतो. ड्रॉइंगवर मर्यादा दिलेली नसेल तर ३५० एचव्हीच्या (विकर्स हार्डनेस) वर गेल्यावर टेम्परिंगचा (पुन्हा तापवून कडकपणा उतरवण्याचा) विचार करा. ईएन १९सारख्या मिश्रधातू स्टीलला तर टेम्परिंग धरूनच चाला.

दुसरा जॉब फ्लॅश काढून बेंडला, तिसरा टेन्साइलला. नॉर्मलाइज्ड ईएन ८चा २५ मिमी बार तुटायला २७ टनांहून जास्त जोर लागतो, म्हणजे ४० टनांचं यूटीएम (ओढून ताकद मोजणारं मशीन) पुरतं. बार सांध्यापासून दूर, मूळ मटेरियलमध्ये तुटला पाहिजे. सांध्यात तुटला असेल तर तुकडा फेकू नका, भिंगाखाली धरा. करडा, खरबरीत, तंतुमय भाग म्हणजे जुळलेली जागा. सपाट, गुळगुळीत आणि त्यावर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या गोल रेषा दिसल्या तर ती जागा कधी जुळलीच नव्हती. ती मध्यात आहे की कडेला, यावरून आकडा ठरतो. मध्यात असेल तर उष्णता किंवा टोकावरचं भोक तपासा. कडेला पूर्ण गोल असेल तर फोर्ज. कडेला एकाच बाजूला असेल तर कोलेटचा रनआउट (फिरताना अक्षातून हलणं) आणि स्लाइडचं अलाइनमेंट.

अल्ट्रासॉनिकवर भिस्त ठेवून सेटिंग पास करू नये. पृष्ठभाग टेकलेले पण न जुळलेले असतील तर ध्वनी बिनदिक्कत आरपार जातो. ग्राहकाने प्रक्रियेची पात्रता मागितली तर आयएसओ १५६२० हे फ्रिक्शन वेल्डिंगचं मानक आहे. चाचण्या आणि नोंदींची रूपरेषा त्यात मिळते.

मटेरियल बदललं की

बीड धातूचं (कास्ट आयर्नचं) नावच काढू नका. त्यातलं मोकळं ग्राफाइट वंगणासारखं काम करतं. फ्री-कटिंग स्टीलमध्ये सल्फाइडच्या रेषा बारच्या लांबीने असतात, फ्लॅशसोबत त्या आडव्या वळतात आणि सांधा बेंडला कमकुवत होतो. शक्य असेल तिथे ग्राहकाला मटेरियल बदलायला सांगावं.

इंजिन व्हॉल्व्हमध्ये डोकं ऑस्टेनिटिक स्टीलचं आणि दांडी मार्टेन्सिटिक स्टीलची असते. तापल्यावर दोघांची ताकद वेगळी, त्यामुळे फ्लॅश एकाच बाजूला जास्त येणं तिथे स्वाभाविक आहे. तो सारखा करायला जाऊ नका, बार कापताना लांबी मात्र त्या हिशोबाने द्या. ॲल्युमिनियम स्टेनलेसला किंवा तांब्याला जोडताना नियम उलटा होतो. तिथे जवळजवळ सगळा बर्न-ऑफ ॲल्युमिनियमचाच होतो, टोकं स्वतःला साफ करून घेत नाहीत, म्हणून वेल्डच्या अगदी आधी ती ताजी मशीन करावी लागतात. घर्षण थोडं आणि फोर्ज जोरकस ठेवायचं, कारण जास्त वेळ तापलं की मध्ये ठिसूळ आंतरधातूचा (दोन धातूंच्या संयुगाचा) थर जाड होतो आणि सांधा काचेसारखा तुटतो.

फ्लायव्हीलवर चालणाऱ्या इनर्शिया मशीनवर आकडे तीनच: फ्लायव्हीलचं जडत्व, सुरुवातीचा वेग आणि दाब. तिथे ब्रेक नाही, साठवलेली ऊर्जा संपली की फिरणं थांबतं. ऊर्जा वेगाच्या वर्गात वाढते, आरपीएम दहा टक्के चढवला की ऊर्जा एकवीस टक्के चढते. त्यामुळे सतत-ड्राइव्हवर जिथे आरपीएम शेवटी हलवतो, तिथे इनर्शियावर तो सर्वात आधी आणि सर्वात जपून हलवावा लागतो.

उत्पादन सुरू झाल्यावर पाळीचा पहिला जॉब, कोलेट किंवा ब्रेक लायनर बदलल्यानंतरचा पहिला जॉब आणि नव्या लॉटचा पहिला जॉब बेंडला द्या. बाकीच्या जॉबचे बर्न-ऑफ, त्याला लागलेला वेळ, फोर्जमधली घट आणि दोन्ही दाब हे आकडे मशीनच्या मेमरीत साठवता येत असतील तर नंबरासकट साठवा; नसतील तर दर पंचविसाव्या जॉबचे वहीत उतरवा.